महाराष्ट्र ओपन

महाराष्ट्र ओपन (प्रायोजकत्वामुळे प्रचलित नाव: टाटा ओपन महाराष्ट्र) ही पुणे शहरात खेळली गेलेली पुरुषांची व्यावसायिक टेनिस स्पर्धा होती. असोसिएशन ऑफ टेनिस प्रोफेशनल्स अर्थात एटीपीच्या २५० श्रेणीतील ही स्पर्धा म्हाळुंगे-बालेवाडी येथील श्री शिवछत्रपती क्रीडा संकुलातील खुल्या हार्ड कोर्टांवर होत असे. २०१८ ते २०२३ या काळात तिची पाच पर्वे पार पडली. २०२१ साली कोविड-१९ च्या साथीमुळे स्पर्धा होऊ शकली नाही. त्या काळात ही दक्षिण आशियातील एकमेव एटीपी टूर स्पर्धा होती.

स्पर्धेचा वारसा पुण्यापुरता मर्यादित नाही. १९९६ साली नवी दिल्ली येथे सुरू झालेली व १९९७ ते २०१७ अशी सलग एकवीस वर्षे चेन्नईत खेळली गेलेली स्पर्धाच २०१८ मध्ये पुण्यास हलविण्यात आली. त्यामुळे तिन्ही शहरांतील पर्वे एकाच स्पर्धेची मानली जातात व त्यांची एकूण संख्या २७ होते. या संपूर्ण काळात एकाही भारतीय खेळाडूस एकेरीचे विजेतेपद मिळाले नाही. दुहेरीत मात्र भारतीयांनी वारंवार विजय मिळविले.

## इतिहास

### दिल्ली व चेन्नई (१९९६–२०१७)

स्पर्धेचे पहिले पर्व १९९६ साली नवी दिल्लीत झाले. स्वीडनच्या थॉमस एन्क्विस्टने झिम्बाब्वेच्या बायरन ब्लॅकचा पराभव करून पहिले विजेतेपद मिळविले. पुढील वर्षी स्पर्धा चेन्नईस गेली. तेथील नुंगमबक्कम भागातील टेनिस स्टेडियम १९९५ च्या दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धांसाठी उभारण्यात आले होते. प्रारंभी गोल्ड फ्लेक या सिगारेटच्या नाममुद्रेवरून स्पर्धा गोल्ड फ्लेक ओपन या नावाने ओळखली जाई. २००२ पासून काही वर्षे ती टाटा ओपन या नावाने खेळली गेली व त्यानंतर चेन्नई ओपन हे नाव रूढ झाले.

कालांतराने स्पर्धा जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, म्हणजे व्यावसायिक टेनिसच्या हंगामारंभी, होऊ लागली. ऑस्ट्रेलियन ओपनची तयारी हार्ड कोर्टवर करता येत असल्याने अनेक नामवंत खेळाडू चेन्नईत येत. ऑस्ट्रेलियाचा पॅट्रिक राफ्टर १९९८ मध्ये येथे विजयी झाला. स्पेनच्या कार्लोस मोयाने २००४ व २००५ मध्ये सलग दोन वेळा अंतिम सामन्यात थायलंडच्या पारादोर्न श्रीचापानला हरविले. दोन्ही लढती तिसऱ्या सेटच्या टायब्रेकपर्यंत गेल्या. २००५ चे पर्व हिंदी महासागरातील त्सुनामीनंतर अवघ्या आठवड्याभरात सुरू झाले होते. तामिळनाडूच्या किनाऱ्यावर मोठी जीवितहानी झाली होती. मोयाने आपल्या बक्षिसाची रक्कम आपद्ग्रस्तांच्या मदतीसाठी दिली.

२००८ मधील मोया व राफेल नदाल यांच्यातील उपांत्य सामना स्पर्धेच्या इतिहासातील सर्वाधिक चर्चिला गेलेला सामना होय. तीन सेटची ही लढत ३ तास ५४ मिनिटे चालली. तिन्ही सेटचा निकाल टायब्रेकवर लागला व मॅचपॉइंट वाचवून नदालने विजय मिळविला. या श्रमांचा परिणाम दुसऱ्याच दिवशी दिसून आला. अंतिम सामन्यात रशियाच्या मिखाइल यूझ्नीने नदालवर ६–०, ६–१ अशी मात केली.

२००९ मध्ये सोमदेव देववर्मन वाइल्ड कार्डद्वारे मुख्य फेरीत आला होता. जागतिक क्रमवारीत पहिल्या दोनशे खेळाडूंच्याही बाहेर असलेल्या सोमदेवने माजी विजेत्या मोयास व नंतर इव्हो कार्लोव्हिचला हरवून अंतिम फेरी गाठली. तेथे क्रोएशियाच्या मारिन चिलिचकडून तो ४–६, ६–७ असा पराभूत झाला. १९९८ मध्ये लिअँडर पेसने न्यूपोर्ट येथे विजेतेपद मिळविल्यानंतर एटीपी एकेरीच्या अंतिम फेरीत पोहोचणारा तो पहिला भारतीय ठरला. या स्पर्धेतील कोणत्याही भारतीयाची एकेरीतील हीच सर्वोत्तम कामगिरी राहिली.

चेन्नई पर्वातील सर्वात यशस्वी एकेरी खेळाडू म्हणजे स्वित्झर्लंडचा स्तानिस्लास वावरिंका. त्याने २०११, २०१४, २०१५ व २०१६ अशी चार विजेतेपदे पटकावली. २०१४ मध्ये चेन्नईतील विजयानंतर त्याच महिन्यात त्याने ऑस्ट्रेलियन ओपन जिंकून आपले पहिले ग्रँड स्लॅम विजेतेपद मिळविले.

### पुण्यास स्थलांतर

२०१७ चे पर्व चेन्नईतील अखेरचे ठरले. स्पर्धेचा परवाना आयएमजी या आंतरराष्ट्रीय क्रीडा व्यवस्थापन कंपनीकडे होता. एटीपीच्या वेळापत्रकातील आठवडा हा यजमान शहराच्या नव्हे, तर परवानाधारकाच्या मालकीचा असतो. यजमान संघटना ठरावीक मुदतीचा करार करून स्पर्धा भरवते आणि करार संपल्यावर परवानाधारक ती अन्यत्र नेऊ शकतो. जुलै २०१७ मध्ये स्पर्धा पुण्यास हलविण्यात येत असल्याची घोषणा झाली. महाराष्ट्र राज्य लॉन टेनिस संघटनेने राज्य शासनाच्या सहकार्याने पाच वर्षांसाठी यजमानपद स्वीकारले. टाटा समूह मुख्य प्रायोजक झाला, तर प्रशांत सुतार यांनी स्पर्धा संचालक म्हणून काम पाहिले.

महाराष्ट्रात एटीपी स्पर्धा होण्याची ही पहिली वेळ नव्हती. मुंबईत क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या ब्रेबॉर्न स्टेडियम परिसरात २००६ व २००७ साली अशी स्पर्धा झाली होती. २००६ मध्ये रशियाचा दिमित्री तुर्सुनोव्ह आणि २००७ मध्ये फ्रान्सचा रिशार गास्के तिचे विजेते होते. पुढे ती स्पर्धा बंगळूरला नेण्यात आली, परंतु सुरक्षेच्या कारणास्तव २००८ मध्ये रद्द झाली. पुण्यातही बालेवाडी येथे चॅलेंजर दर्जाची स्पर्धा होत असे व तिच्यात युकी भांब्रीने २०१५ आणि २०१७ मध्ये विजेतेपद मिळविले होते. फेब्रुवारी २०१७ मध्ये भारत विरुद्ध न्यूझीलंड ही डेव्हिस चषक लढतही याच संकुलात झाली. त्यामुळे मोठ्या स्पर्धेसाठी लागणारे पंच, स्वयंसेवक व व्यवस्थापन यांचा अनुभव संघटनेच्या गाठीशी होता.

### वेळापत्रकातील बदल

२०१८ व २०१९ ची पर्वे चेन्नईच्या प्रथेप्रमाणे नववर्षाच्या पहिल्या आठवड्यात झाली. २०२० पासून एटीपीने याच आठवड्यांत ऑस्ट्रेलियात एटीपी चषक ही सांघिक स्पर्धा सुरू केल्यामुळे पुण्यातील स्पर्धा फेब्रुवारीच्या प्रारंभी ढकलण्यात आली. ऑस्ट्रेलियन ओपन संपल्यानंतरच्या या काळात अनेक आघाडीचे खेळाडू विश्रांती घेतात किंवा युरोप व अमेरिकेतील स्पर्धांकडे वळतात. त्यामुळे स्पर्धेचे पूर्वतयारीचे आकर्षण कमी झाले. २०२२ चे पर्व कोविड निर्बंधांच्या सावटाखाली ३१ जानेवारी ते ६ फेब्रुवारी या काळात पार पडले. एटीपी चषक बंद झाल्यानंतर २०२३ मध्ये स्पर्धा पुन्हा जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आली.

## क्रीडांगण

श्री शिवछत्रपती क्रीडा संकुल पुणे शहराच्या पश्चिमेस म्हाळुंगे-बालेवाडी येथे असून ते १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभारण्यात आले. २००८ मध्ये येथे राष्ट्रकुल युवा क्रीडा स्पर्धा झाल्या. संकुलात प्रकाशझोताची सोय असलेले मुख्य टेनिस स्टेडियम, इतर सामन्यांची कोर्टे व सरावाची कोर्टे आहेत.

हार्ड कोर्ट म्हणजे डांबरी किंवा काँक्रीटच्या पायावर वाळूमिश्रित ॲक्रिलिक रंगाचे थर देऊन केलेला टणक पृष्ठभाग. थरातील वाळूच्या प्रमाणावर कोर्टचा वेग अवलंबून असतो. अशा कोर्टवर चेंडूची उसळी एकसारखी राहते आणि गवताच्या तुलनेत ती उंच असते. मातीच्या कोर्टपेक्षा चेंडू येथे वेगाने येतो. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर असल्याने हवा किंचित विरळ असते व चेंडूला होणारा अवरोध कमी होतो. याचा लाभ जोरकस सर्व्हिस करणाऱ्या खेळाडूंना मिळतो. समुद्रकाठच्या चेन्नईतील दमट उष्म्याऐवजी पुण्यात कोरडी हवा, दुपारचे ऊन व सूर्यास्तानंतरचा गारवा असे हवामान असे.

## स्वरूप

एकेरीच्या मुख्य फेरीत २८ खेळाडू असत. पहिल्या चार मानांकित खेळाडूंना पहिल्या फेरीत पुढे चाल मिळे. बहुतेक खेळाडूंना जागतिक क्रमवारीच्या आधारे थेट प्रवेश असे. चार जागा पात्रता फेरीतून भरल्या जात व तीन जागा आयोजकांना वाइल्ड कार्ड म्हणून देता येत. दुहेरीत १६ जोड्या सहभागी होत. एकेरीचे सर्व सामने तीन सेटचे असत. दुहेरीत दोन्ही जोड्यांनी एकेक सेट जिंकल्यास तिसऱ्या सेटऐवजी दहा गुणांचा निर्णायक टायब्रेक खेळविला जाई.

एकेरीच्या विजेत्यास २५० क्रमवारी गुण मिळत. उपविजेत्यास १५०, उपांत्य फेरीत पराभूत होणाऱ्यास ९० आणि उपांत्यपूर्व फेरीत पराभूत होणाऱ्यास ४५ गुण मिळत. 

## पुण्यातील पर्वे

### २०१८

पहिल्या पर्वात चिलिच अग्रमानांकित, तर दक्षिण आफ्रिकेचा केव्हिन अँडरसन द्वितीय मानांकित होता. फ्रान्सचा ३३ वर्षीय जील सिमों बिगरमानांकित होता. त्याने उपांत्य फेरीत चिलिचला व अंतिम सामन्यात अँडरसनला ७–६ (७–४), ६–२ असे हरविले. वेगवान सर्व्हिसला अचूक परतफेड व दीर्घ रॅली हे सिमोंच्या खेळाचे वैशिष्ट्य या सामन्यात प्रभावी ठरले. त्याच्या कारकिर्दीतील हे तेरावे एकेरी विजेतेपद होते. प्येर-ह्युग एर्बेरसह तो दुहेरीच्याही अंतिम फेरीत पोहोचला होता, परंतु तेथे रॉबिन हासे व मॅटवे मिडलकूप या डच जोडीने त्यांचा पराभव केला.

### २०१९

मागील वर्षीचा उपविजेता अँडरसन या वेळी अग्रमानांकित होता. उपांत्य फेरीत त्याने गतविजेत्या सिमोंला हरविले. अंतिम फेरीत त्याची गाठ क्रोएशियाच्या कार्लोव्हिचशी पडली. २.०३ मीटर व २.११ मीटर उंचीच्या या दोन खेळाडूंच्या लढतीतील तिन्ही सेट टायब्रेकवर गेले आणि अँडरसनने ७–६ (७–४), ६–७ (२–७), ७–६ (७–५) असा विजय मिळविला. कार्लोव्हिच तेव्हा चाळिशीच्या उंबरठ्यावर होता. १९७७ मध्ये हाँगकाँग येथे केन रोझवॉल अंतिम फेरीत खेळला होता. त्यानंतर एटीपी एकेरीची अंतिम फेरी गाठणारा सर्वात वयस्कर खेळाडू म्हणून कार्लोव्हिचची नोंद झाली.

### २०२०

झेक प्रजासत्ताकाच्या यिरी व्हेसेलीने बेलारूसच्या इगोर गेरासिमोव्हला ७–६ (७–२), ५–७, ६–३ असे नमवून पाच वर्षांनंतर आपले दुसरे एटीपी विजेतेपद मिळविले. हे पर्व भारतीय प्रेक्षकांसाठी आणखी एका कारणाने महत्त्वाचे होते. २०२० हे व्यावसायिक कारकिर्दीचे अखेरचे वर्ष असल्याचे पेसने जाहीर केले होते. तो ऑस्ट्रेलियाच्या मॅथ्यू एब्डनच्या साथीने पुण्यात खेळला. १९९७ मध्ये याच स्पर्धेत महेश भूपतीसह त्याने विजेतेपद मिळविले होते.

### २०२२

पोर्तुगालच्या जुआंव सूसाने फिनलंडच्या एमिल रुसुवुओरीला ७–६ (११–९), ४–६, ६–१ असे हरवून कारकिर्दीतील चौथे विजेतेपद पटकावले. रुसुवुओरीची ही पहिलीच एटीपी अंतिम फेरी होती.

### २०२३

पुन्हा अग्रमानांकित म्हणून आलेल्या चिलिचने गुडघ्याच्या दुखापतीमुळे उपांत्यपूर्व सामन्यापूर्वी माघार घेतली व नेदरलँड्सच्या टॅलन ग्रीक्सपूरला पुढे चाल मिळाली. ग्रीक्सपूरने अंतिम सामन्यात पहिला सेट गमावूनही फ्रान्सच्या बेंजामिन बाँझीवर ४–६, ७–५, ६–३ अशी मात केली. दोघांपैकी कोणीही यापूर्वी एटीपी विजेतेपद मिळविलेले नव्हते.

## भारतीय खेळाडू

परदेशात सतत प्रवास करून क्रमवारी गुण मिळविणे भारतीय खेळाडूंना खर्चिक पडते. त्यांची क्रमवारी बहुधा एटीपी स्पर्धेत थेट प्रवेशास पुरेशी नसते. या दृष्टीने देशातील एकमेव एटीपी स्पर्धेतील तीन वाइल्ड कार्डे व पात्रता फेरीतील जागा यांना मोठे मोल होते. पुण्याच्या अर्जुन कढेला अशा प्रकारे मुख्य फेरीत खेळण्याची संधी मिळाली. २०२३ मध्ये पुण्याच्याच मानस धामणेला वाइल्ड कार्ड देण्यात आले. स्पर्धेच्या काही दिवस आधीच त्याला पंधरा वर्षे पूर्ण झाली होती. अमेरिकेच्या मायकेल ममोहकडून तो २–६, ४–६ असा पराभूत झाला.

तथापि संधीच्या तुलनेत एकेरीतील यश मर्यादित राहिले. पुण्यातील पाचही पर्वांत एकाही भारतीयास एकेरीची उपांत्यपूर्व फेरी गाठता आली नाही. रामकुमार रामनाथनने २०१८ व २०१९ मध्ये पहिली फेरी जिंकली. २०१८ च्या दुसऱ्या फेरीत तो चिलिचकडून पराभूत झाला.

दुहेरीतील चित्र वेगळे होते. पेस व भूपती यांनी एकत्र खेळून १९९७, १९९८, १९९९, २००२ व २०११ अशी पाच विजेतेपदे मिळविली. पेसने २०१२ मध्ये यांको तिप्सारेविचसह सहावे विजेतेपद जिंकले. २०१७ च्या अंतिम फेरीत चारही खेळाडू भारतीय होते. रोहन बोपण्णा व जीवन नेदुंचेळियन यांनी पुरव राजा व दिविज शरण यांना हरविले. बोपण्णाने पुण्यात २०१९ मध्ये दिविज शरणसह व २०२२ मध्ये रामकुमारसह पुन्हा विजेतेपद मिळविले. २०२३ मध्ये श्रीराम बालाजी व जीवन नेदुंचेळियन उपविजेते ठरले.

## समाप्ती व नंतर

२०२३ च्या पर्वासोबत पाच स्पर्धांचा टप्पा पूर्ण झाला आणि त्यानंतर पुण्यात ही स्पर्धा झाली नाही. २०२४ च्या वेळापत्रकात जानेवारीच्या पहिल्या आठवड्यातील जागा हाँगकाँग ओपनने घेतली. परिणामी १९९६ पासून जवळजवळ अखंड चालत आलेली परंपरा खंडित झाली व भारतात एटीपी टूर दर्जाची एकही स्पर्धा उरली नाही.

पुण्यात व्यावसायिक टेनिस मात्र सुरू राहिले. २०२४ पासून बालेवाडी येथे चॅलेंजर १०० श्रेणीची पुरुषांची स्पर्धा होऊ लागली. २०२४ मध्ये मोनॅकोचा व्हॅलेंतिन वाशरो व २०२५ मध्ये झेक प्रजासत्ताकाचा दालिबोर स्व्हर्चिना तिचे विजेते ठरले. वाशरोने पुढे ऑक्टोबर २०२५ मध्ये पात्रता फेरीतून येऊन शांघाय मास्टर्स ही स्पर्धा जिंकली. एप्रिल २०२५ मध्ये महिलांच्या बिली जीन किंग चषकाच्या आशिया-ओशनिया गटातील सामनेही बालेवाडीत झाले. चॅलेंजर स्पर्धेचा दर्जा व गुण एटीपी २५० पेक्षा कमी असले, तरी तेथे भारतीय खेळाडूंना आपल्या क्रमवारीच्या जवळपासच्या प्रतिस्पर्ध्यांशी खेळता येते.

चेन्नईत सप्टेंबर २०२२ मध्ये चेन्नई ओपन याच नावाने महिलांची डब्ल्यूटीए स्पर्धा झाली. ती स्वतंत्र स्पर्धा असून तिचा प्रस्तुत स्पर्धेच्या परवान्याशी संबंध नाही.

## एकेरीतील विजेते व उपविजेते

नवी दिल्ली
* १९९६ – थॉमस एन्क्विस्ट (उपविजेता: बायरन ब्लॅक)

चेन्नई
* १९९७ – मिकाएल टिलस्ट्रॉम (अलेक्स रादुलेस्कू)
* १९९८ – पॅट्रिक राफ्टर (मिकाएल टिलस्ट्रॉम)
* १९९९ – बायरन ब्लॅक (राइनर श्युटलर)
* २००० – जेरोम गोलमार (मार्कुस हांट्श्क)
* २००१ – मिखाल ताबारा (आंद्रेई स्तोल्यारोव्ह)
* २००२ – गियेर्मो कान्यास (पारादोर्न श्रीचापान)
* २००३ – पारादोर्न श्रीचापान (कारोल कुचेरा)
* २००४ – कार्लोस मोया (पारादोर्न श्रीचापान)
* २००५ – कार्लोस मोया (पारादोर्न श्रीचापान)
* २००६ – इव्हान ल्युबिचिच (कार्लोस मोया)
* २००७ – झेव्हियर मालिस (श्टेफान कुबेक)
* २००८ – मिखाइल यूझ्नी (राफेल नदाल)
* २००९ – मारिन चिलिच (सोमदेव देववर्मन)
* २०१० – मारिन चिलिच (स्तानिस्लास वावरिंका)
* २०११ – स्तानिस्लास वावरिंका (झेव्हियर मालिस)
* २०१२ – मिलोश राओनिच (यांको तिप्सारेविच)
* २०१३ – यांको तिप्सारेविच (रॉबेर्तो बाउतिस्ता आगुत)
* २०१४ – स्तानिस्लास वावरिंका (एदुआर रोजे-व्हासलँ)
* २०१५ – स्तानिस्लास वावरिंका (अल्याझ बेदेने)
* २०१६ – स्तानिस्लास वावरिंका (बोर्ना चोरिच)
* २०१७ – रॉबेर्तो बाउतिस्ता आगुत (दानील मेदवेदेव)

पुणे
* २०१८ – जील सिमों (केव्हिन अँडरसन)
* २०१९ – केव्हिन अँडरसन (इव्हो कार्लोव्हिच)
* २०२० – यिरी व्हेसेली (इगोर गेरासिमोव्ह)
* २०२१ – स्पर्धा झाली नाही
* २०२२ – जुआंव सूसा (एमिल रुसुवुओरी)
* २०२३ – टॅलन ग्रीक्सपूर (बेंजामिन बाँझी)

## पुण्यातील दुहेरी विजेते

* २०१८ – रॉबिन हासे व मॅटवे मिडलकूप
* २०१९ – रोहन बोपण्णा व दिविज शरण
* २०२० – आंद्रे योरानसन व क्रिस्टोफर रुंगकाट
* २०२२ – रोहन बोपण्णा व रामकुमार रामनाथन
* २०२३ – सांडर गिले व योरान व्लीगेन

## विक्रम

* सर्वाधिक एकेरी विजेतेपदे: स्तानिस्लास वावरिंका (४)
* सर्वाधिक दुहेरी विजेतेपदे: लिअँडर पेस (६)
* एकाच वर्षी एकेरी व दुहेरी दोन्ही विजेतेपदे: झेव्हियर मालिस (२००७, दुहेरीत डिक नॉर्मनसह)
* पुण्यात एकाहून अधिक वेळा एकेरीची अंतिम फेरी गाठणारा एकमेव खेळाडू: केव्हिन अँडरसन (२०१८ व २०१९)
* पुण्यात एकाहून अधिक वेळा दुहेरी जिंकणारा एकमेव खेळाडू: रोहन बोपण्णा (२०१९ व २०२२)